स्वमग्न बालकास व्यायाम वर्ज्य कसा?

स्वमग्न मुलाचे पालक चिकित्सालयात येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा आधीच्या वैद्यांनी दिलेल्या बाटल्या असतात. ब्राह्मी घृत, सारस्वतारिष्ट, सुवर्णप्राशन. त्यात आम्ही आणखी एकीची भर घालतो. मूल दिवसभरात किती धावते, हे विचारायचे मात्र राहून जाते. ही चूक आम्ही स्वतः अनेक वर्षे केली, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

या चुकीचे एक कारण ग्रंथवाचनातच आहे. अष्टांगहृदयातील दिनचर्याध्यायात वाग्भटाचार्यांनी बालक आणि वातपित्तरोगी या दोघांनाही व्यायाम टाळावयास सांगितले आहे. स्वमग्नतेत वातप्राधान्य मानणाऱ्या वैद्यास मग व्यायाम दोन्ही अंगांनी निषिद्ध वाटतो. परंतु त्याच अध्यायात बलवान व स्निग्धभोजी मनुष्यासही अर्धशक्तीची मर्यादा आहे. चरकाचार्य व्यायामाचे स्थैर्यकर व बलवर्धक म्हणून वर्णन करतात आणि तो मात्रेने करावा असे सांगतात; शारीरस्थानात तर बालकाची खेळणी कशी असावीत याचाही विचार करतात. आमच्या मते निषेध अतियोगाचा आहे, हालचालीचा नव्हे.

अर्धशक्ती म्हणजे सावकाश फेरफटकाही नव्हे. कपाळ, नाक व काखेत घाम येणे आणि श्वास तोंडाने सुरू होणे ही तिची लक्षणे. जे मूल ‘दमलो’ असे सांगू शकत नाही, त्याच्या बाबतीत ही डोळ्यांना दिसणारी लक्षणे अमोल आहेत. १९८४ साली केर्न व सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ मिनिटे सलग धावल्यानंतर मुलांच्या त्याच त्या हालचाली घटल्या. तेवढाच वेळ चेंडू खेळून घटल्या नाहीत. इराणमध्ये ३० पैकी १५ मुलांना १४ आठवडे कराटेच्या कवायती शिकविल्यावरही असाच लाभ दिसल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे अभ्यास लहान आहेत. व्यायामाने स्वमग्नता नाहीशी होते, असा दावा कोणीही करू नये.

आमची पद्धत साधी आहे. सकाळी तिळतेलाचा हलका अभ्यंग, नंतर रोज त्याच वेळी, त्याच वाटेने पालकांनी मुलासोबत धावणे. शिट्टी, गर्दी व ऊन टाळावे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगावी विहिरी व शेततळी आहेत आणि अशी मुले पाण्याकडे ओढली जातात. म्हणून मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. आकडीचा इतिहास असल्यास आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वाचाउपचार व चालू औषधे बंद करू नयेत.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आयुष वैद्यच अंगणवाड्यांतील व शाळांतील मुले तपासतात. हाकेला वळून न पाहणारे मूल अनेकदा प्रथम आपल्याच बंधुभगिनींना दिसते. ‘मोठा झाला की बोलेल’ असे म्हणून त्यास परत न पाठविता शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे.

औषधी विक्रेत्या बंधूंसही विनंती आहे. मेध्य औषध मागणाऱ्या पालकास ‘पूर्ण बरा होईल’ असे सांगू नका. ‘मुलगा रोज धावतो का?’ एवढे अवश्य विचारा. या प्रश्नाने एखादी बाटली कमी खपेल, पण वैद्यकावरील विश्वास टिकेल.