विजयात ब्रेडीचा वाटा

३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सेंट लुईस रॅम्सना २०-१७ असे हरवले आणि अमेरिकन फुटबॉलचा सर्वोच्च सामना, सुपर बोल, पहिल्यांदा जिंकला. सामनावीर ठरला चोवीस वर्षांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. त्यावर घेतला जाणारा आक्षेप जुना आहे: सामना बचावफळीने जिंकला, शेवट किकर अ‍ॅडम व्हिनाटिएरीने केला, ब्रेडीला श्रेय आयते मिळाले.

आक्षेपाला आधार आहे. ब्रेडीने २७ पैकी १६ पास पूर्ण केले आणि मिळवले अवघे १४५ यार्ड; समोरच्या कर्ट वॉर्नरचे यार्ड होते ३६५. पेट्रियट्सचे पहिले टचडाउन झाले तेव्हा ब्रेडी मैदानातच नव्हता. टाय लॉने वॉर्नरचा पास मध्येच पकडून ४७ यार्डांची धाव घेतली होती. पुढचे दहा गुणही बचावपटूंनी चेंडू हिसकावल्यावरच आले. ज्या रॅम्सना सट्टेबाजार १४ गुणांनी वरचढ मानत होता, त्यांना या फळीने तीन क्वार्टर केवळ ३ गुणांवर रोखून धरले.

हे सगळे मान्य. पण यातून ब्रेडीचा वाटा शून्य कसा ठरतो?

हिसकावलेला चेंडू आपोआप गुण देत नाही. मध्यंतराला ३१ सेकंद उरली असताना डेव्हिड पॅटनला टचडाउनचा पास देणारा ब्रेडीच होता. शिवाय वॉर्नरचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, ब्रेडीचा एकही गेला नाही. तीन गुणांनी सुटलेल्या सामन्यात चेंडू न गमावणे हे कर्तृत्वच आहे. यार्डांच्या रकान्यात मात्र ते दिसत नाही.

खरा निकाल शेवटच्या दीड मिनिटात लागला. रॅम्सनी १७-१७ अशी बरोबरी साधली होती. पेट्रियट्सकडे चेंडू आला तो स्वतःच्या १७ यार्डांच्या रेषेवर. घड्याळात १ मिनिट २१ सेकंद, आणि एकही टाइमआउट शिल्लक नाही. समालोचन करणारे जॉन मॅडन, स्वतः सुपर बोल जिंकलेले प्रशिक्षक, म्हणत होते की वेळ संपू द्यावी आणि जादा वेळेत खेळावे. मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी आक्रमणाचा निर्णय घेतला. तो निर्णय त्यांचा, पण अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूंसमोर क्षणाक्षणाला चेंडू कुणाकडे द्यायचा, हे ठरवणे ब्रेडीचे. त्याने लांब फेकण्याचा मोह टाळला आणि जे. आर. रेडमंडला तीन छोटे पास दिले. दबाव आला तेव्हा एक चेंडू सरळ वाया जाऊ दिला, कारण चेंडूसह पाडला गेला असता तर घड्याळ पळतच राहिले असते. मग ट्रॉय ब्राउनला २३ यार्ड, जर्मेन विगिन्सला ६. एकूण ५३ यार्ड. सात सेकंद उरली असताना त्याने चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवले.

व्हिनाटिएरीची किक ४८ यार्डांची होती. सतराच्या रेषेवरून जगातला कोणताही किकर तो गोल करू शकला नसता.

सामनावीराचा मान मात्र टाय लॉला मिळायला हवा होता. पण हा वाद वेगळा आहे. लॉचा हक्क मोठा म्हणून ब्रेडीचा बुडत नाही. ब्रेडीच्या चाहत्यांचीही एक साक्ष इथे चालणार नाही: पुढे त्याने एकूण सात सुपर बोल जिंकले, हा त्या रात्रीचा पुरावा नव्हे.

पुरावा हवा तर त्याच वर्षीचा घ्यावा. त्या हंगामाच्या सुरुवातीला संघाचा प्रस्थापित क्वार्टरबॅक होता ड्रू ब्लेडसो. तो जखमी झाल्यावर ब्रेडीला जागा मिळाली. उपांत्य सामन्यात ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा ब्लेडसोनेच पिट्सबर्गमध्ये संघाला तारले. म्हणजे तयार, अनुभवी पर्याय हाताशी होता. बेलिचिक मूळचे बचावाचेच प्रशिक्षक. ती बचावफळी काय करू शकते आणि काय नाही, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी ब्रेडीला ठेवले आणि एप्रिल २००२ मध्ये ब्लेडसोला बफेलोच्या संघाला देऊन टाकले.