फेरजाहिरातीत जुना अर्ज जिवंत ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

मार्फत : मा. तहसीलदार, आंबेगाव (घोडेगाव) आणि मा. तहसीलदार, जुन्नर

विषय : रद्द होऊन किंवा बदल होऊन पुन्हा निघणाऱ्या नोकरभरतीच्या जाहिरातींत आधीच्या अर्जदारांचा हक्क राखण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील रहिवासी आहोत. आमच्यातले काही जण मंचर, नारायणगाव, घोडेगावच्या अभ्यासिकांत बसतात. काही जण हंगामात टोमॅटोचे क्रेट उचलून परीक्षेचे शुल्क उभे करतात. तिघांची वयोमर्यादा उलटून गेली आहे. त्यांच्या सह्या मुद्दाम सर्वांत वर घेतल्या आहेत.

जागा कमी आहेत, ही आमची आजची तक्रार नाही. निघालेली जाहिरात विरते, पुन्हा निघते आणि मधल्या काळात अर्जदाराला कोणी काही सांगत नाही, याबद्दल हे निवेदन आहे.

मार्च 2019 मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांच्या गट-क मधील सुमारे साडेतेरा हजार पदांसाठी जाहिरात आली. आम्ही अर्ज भरले, शुल्क भरले. वर्षे गेली, भरती पार पडली नाही आणि 2022 मध्ये ती सगळी प्रक्रियाच रद्द झाली. ऑगस्ट 2023 मध्ये नवी जाहिरात निघाली, या वेळी 19,460 पदांची. शुल्क खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये आणि मागास प्रवर्गाला 900. जुने शुल्क परत मिळण्यासाठी पुन्हा ऑनलाइन माहिती भरायची होती. म्हणजे परताव्यासाठीही अर्जच. आरोग्य विभागाची ऑक्टोबर 2021 ची गट-क आणि गट-ड ची परीक्षा पेपरफुटीत गेली. त्या विभागाची नवी जाहिरातही ऑगस्ट 2023 मध्येच आली.

जाहिरात पुन्हा का काढावी लागते, हे आम्हाला समजत नाही असे नाही. आरक्षणाचा कायदा बदलला की बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाला याची यादी, बदलते आणि मागासवर्ग कक्षाकडून ती पुन्हा तपासून घ्यावी लागते. मंजूर पदांचा आकृतिबंध सुधारला की पदसंख्या हलते. कधी पात्र उमेदवारच मिळत नाही. कधी निवडलेला रुजू होत नाही आणि प्रतीक्षायादीही संपलेली असते. कधी परीक्षा घेणारी संस्था बदलते. ही कारणे खरी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत अर्जदाराचा काडीचा दोष नसतो. तरी प्रत्येक वेळी भुर्दंड त्यालाच पडतो. फेरजाहिरात पाहून त्याला वाटते, आपण नाकारले गेलो. बहुतेक वेळा त्याचा अर्ज कोणी उघडलेलाही नसतो.

आमच्यातील एकीची फाइल आम्ही परवा अभ्यासिकेत उघडून पाहिली. बटणाची निळी प्लास्टिकची फाइल. सर्वांत वर 2019 च्या शुल्काची पावती. तिच्यावरची अक्षरे इतकी उडाली आहेत की क्रमांक खिडकीकडे धरून वाचावा लागतो. खाली नॉन-क्रिमीलेअरची तीन प्रमाणपत्रे एकावर एक टाचलेली, कारण दर वेळी आधीच्याची मुदत संपलेली. मग अधिवास, एमएससीआयटी, महा-ई-सेवा केंद्राच्या पावत्या. शेवटी नावात बदल झाल्याचे राजपत्र. 2019 चा अर्ज माहेरच्या नावाने आहे, 2023 चा सासरच्या. मधल्या काळात तिचे लग्न झाले, मुलगा बालवाडीत गेला, आणि पद मात्र रिकामेच राहिले. त्या पदावर कोणी असते, तर एखाद्या गावाचे काम तरी झाले असते.

हे वेगळ्या रीतीनेही करता येते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये 274 पदांची राजपत्रित नागरी सेवा संयुक्त पूर्व परीक्षेची जाहिरात दिली होती. मराठा समाजासाठी एसईबीसी आरक्षण आल्यावर मे 2024 मध्ये ती सुधारून 524 पदांची करण्यात आली. आधी केलेले अर्ज मात्र मोडीत निघाले नाहीत. प्रवर्ग बदलायचा होता त्यांना तशी मुभा मिळाली. पुढे परीक्षेच्या तारखा सरकत राहिल्या, तो वेगळा विषय. त्यावर निवेदन लिहायचे तर हा कागद पुरायचा नाही. आमचा मुद्दा एवढाच, की तिथे जाहिरात बदलली तरी अर्ज जिवंत राहिला.

कंत्राटी आणि संस्थांच्या पदांत तर हिशेबच लागत नाही. आमच्यापैकी एकाने एका संस्थेत मुलाखत दिली. दीड महिन्याने तीच जाहिरात, त्याच शब्दांत, वर्तमानपत्रात आली. फोन केला तर उत्तर मिळाले, "तुम्ही पुन्हा अर्ज करा." तो नापास झाला, की पदाला मान्यता नव्हती, की त्याच्या प्रवर्गाचा बिंदूच नव्हता, हे त्याला आजही ठाऊक नाही. पुन्हा अर्ज करावा की नाही, हे त्याने कशावरून ठरवायचे?

आमच्या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील पेसा (अनुसूचित क्षेत्रातील) गावांतल्या अनुसूचित जमातीच्या उमेदवारांची गत आणखी निराळी. त्यांच्या राखीव पदांची भरती न्यायालयीन प्रकरणात अडकली आणि 2024 मध्ये नेमणुकांची वाट निघाली ती मानधनावर. आहुप्याकडच्या मुलाला "प्रक्रिया स्थगित" एवढी ओळ मोबाइलवर वाचायला मिळते, तीही रेंज असेल तेव्हा.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. जाहिरात रद्द करताना किंवा फेरजाहिरात देताना कारण स्पष्ट छापावे. बिंदुनामावली बदलली, पदसंख्या बदलली, उमेदवार मिळाला नाही, परीक्षेत गैरप्रकार झाला, जे असेल ते. "प्रशासकीय कारणास्तव" हे कारण धरू नये.

2. आधीचा अर्ज आणि शुल्क नव्या प्रक्रियेत आपोआप ग्राह्य धरावे. वाढीव शुल्क घ्यायचे झाल्यास फक्त फरक घ्यावा. वय पहिल्या जाहिरातीच्या तारखेला मोजावे. 3 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने वयात 2 वर्षांची शिथिलता मिळाली, पण ती 31 डिसेंबर 2023 पर्यंतच्या जाहिरातींपुरती. सवलत दर वेळी मोर्चे काढून मागावी लागू नये, नियमच असावा. नाव बदललेल्या महिला उमेदवारांचा जुना अर्ज राजपत्राच्या आधारे जोडून घ्यावा.

3. मुलाखत किंवा परीक्षा दिलेल्याला फेरजाहिरातीपूर्वी निकाल कळवावा. एसएमएस चालेल.

4. बिंदुनामावली तपासून झाल्याशिवाय जिल्ह्यातील कोणत्याही कार्यालयाने किंवा अनुदानित संस्थेने जाहिरात देऊ नये.

5. तालुक्यातील कंत्राटी पदांच्या जाहिराती आणि फेरजाहिराती पंचायत समिती, तहसील कार्यालय आणि घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या फलकांवर किमान 15 दिवस लावाव्यात.

यातील जे आपल्या अधिकारात आहे, त्याबाबत जिल्ह्यातील कार्यालयांना लेखी सूचना द्याव्यात. उरलेले आपल्या शिफारशीसह सामान्य प्रशासन विभागाकडे पाठवावे आणि त्या पत्राची प्रत आम्हाला द्यावी, ही विनंती.

चर्चेसाठी वेळ मिळाल्यास आमच्यातील पाच जण येतील. निळी फाइल सोबत आणू.

आपले,
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अर्जदार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, घोडेगाव