कीर्तनात हसायचं कुणाला?

संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावात सप्ताहाचा मांडव रात्री भरतो तेव्हा एका अंगाला पुरुष बसतात, दुसऱ्या अंगाला बाया. महाराज मुलींच्या मोबाईलवर किंवा सुनांच्या हातच्या भाकरीवर घसरले की बायांच्या बाजूनं हशा जास्त मोठा येतो. दोन वर्षांपूर्वी माझी चुलत बहीण तिथे होती. बारावीनंतर तिचं कॉलेज बंद केलं होतं, कारण 'तालुक्याला गेल्या की पोरी हाताबाहेर जातात'. तेच वाक्य त्या रात्री माईकवरून विनोद म्हणून आलं. ती हसली. मी तिच्या आधी हसलो होतो.

यावर कुणी बोललंच तर उत्तर ठरलेलं: निखळ विनोद आहे, मनावर काय घेतोस! मराठीत विनोदाचं सगळ्यात जास्त नुकसान या 'निखळ'नं केलंय. तो शब्द एकदा चिकटवला की कुणाला लागलं हे विचारायची सोयच राहत नाही.

कांट १७९० मध्ये म्हणतो, ताणलेली अपेक्षा एकदम फुस्स होते म्हणून हसू येतं. ठीक. पण फुस्स व्हायला दर वेळी सूनच का लागते? पहिल्या रांगेत शाल-नारळ घेऊन बसलेल्या साखर कारखान्याच्या संचालकांवर का नाही? हॉब्जनं १६५१ मध्येच सांगितलं होतं की दुसऱ्याचं उणं दिसलं की आपण अचानक मोठे झाल्यासारखे हसतो. पुरुषांच्या बाजूचा हशा यानं कळतो, बायांच्या बाजूचा कळत नाही. त्यासाठी फ्रॉइडच जवळचा. १९०५ च्या पुस्तकात तो म्हणतो, बोचऱ्या विनोदाला तीन माणसं लागतात: सांगणारा, ज्याच्यावर विनोद आहे तो, आणि हसून सांगणाऱ्याला सामील होणारा तिसरा. आमच्या मांडवात दुसऱ्यालाच तिसऱ्याच्या जागी बसवलेलं असतं. न हसावं तर 'बघा, हिला लागलं' म्हणून पुढचा विनोद तिच्यावरच. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात नोंदवलंय की हास्यरस बायकांत आणि हलक्या पात्रांत जास्त दिसतो. का दिसतो, ते बायकांना विचारलेलं मात्र दिसत नाही.

आता कुणी परंपरा काढेल. काढूच. सोळाव्या शतकात एकनाथांनी भवानीला नवस बोलणाऱ्या सुनेचं भारूड लिहिलं. सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत एकेकाचा बंदोबस्त कर आणि मला एकटीच राहू दे, असं ती देवीला सांगते. अध्यात्मात त्याचा अर्थ प्रपंचाचे पाश सुटणं, मान्य. पण तो अर्थ कळायच्या आधी जे हसू फुटतं ते सुनेच्या बाजूनं फुटतं, आणि तेही सासू शेजारी बसलेली असताना. उपहास म्हणतात तो हा.

आणि आमच्या संगमनेरचेच अनंत फंदी (१७४४–१८१९). तमाशा गाजवणारा हा शाहीर अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून कीर्तनाकडे वळला, अशी कथा सांगतात. त्याच अहिल्याबाईंचं नाव आता जिल्ह्याला आहे. फंदींचा तमाशा सुटला, जिभेची धार गेली नाही. फटका म्हटलं की आजही त्यांचंच नाव आठवतं. तमाशा काही बायांचा कैवारी नव्हता, तिथलेही कितीतरी विनोद मला सहन होत नाहीत. पण तिथे सोंगाड्या राजाची आणि प्रधानाची फिरकी घ्यायचा, गवळणीतली मावशी वाट अडवणाऱ्या कृष्णालाही सोडायची नाही. आजच्या विनोदी कीर्तनानं सोंगाड्याची जीभ तेवढी उचलली आणि राजाला वगळलं.

गेल्या वर्षी मी सप्ताह कमिटीला म्हटलं, एका रात्री नाथांचं ते भारूड ठेवा. हरकत नाही म्हणाले. फक्त संचालकांच्या सत्कारानंतर वेळ उरला तर.