छाटणी की मुंडण?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर करवती सुरू होतात. कॉलेजच्या गेटसमोरचा पर्जन्यवृक्ष कालपर्यंत सावली देत होता, आज नुसता सांगाडा उभा. मग तुमच्यातला एक जण ‘झाडांची कत्तल’ म्हणून स्टोरी टाकतो आणि दुसरा म्हणतो, ‘बरं झालं, पडलं असतं तर?’

ही भीती खोटी नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या महिलेवर नारळाचं झाड कोसळलं, त्यात तिचा जीव गेला. २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडं आडवी झाली. तेव्हा छाटणी हवीच. पण जी छाटणी आपण बघतो, तिने धोका कमी होतो का? माझ्या मते बऱ्याचदा तो फक्त काही वर्षं पुढे ढकलला जातो, आणि वाढतोही.

कारण झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. त्याच्याभोवती जणू भिंत घालून त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं, बघा कधीतरी. ही सोय तिथे असते. काप त्या कड्याच्या किंचित बाहेर हवा. कड्यासकट खोडाला घासून कापलं तर जखम मोठी होते. हातभर खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत उतरते. वर डांबर किंवा रंग फासून ती थांबत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे शेंडा उडवणं. पानं गेली की झाडाचं अन्न बंद. मग घाबरलेलं झाड भराभर फुटवे काढतं, आणि आपल्याला वाटतं, चला, सावरलं! पण हे फुटवे जुन्या फांदीसारखे आतून रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. जड झाले की वाऱ्यात तेच आधी निखळतात. म्हणून एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त पालवी काढू नये, असं जाणकार सांगतात. तारांसाठी एकाच बाजूने तासलेल्या झाडाचा तोल जातो, तो वेगळाच.

नाशिककडच्या मित्राला विचारा. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कुणाच्याही हातात देत नाहीत, कारण चुकीच्या कापाची किंमत त्याच हंगामात कळते. रस्त्यावरच्या झाडाची किंमत उशिरा कळते, आणि तोवर कुणी कापलं ते विसरलेलं असतं.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे फक्त बुंध्यापासून पाडणं नव्हे. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं त्यात येतं. त्यामुळे सोसायटीत करवत आली तर परवानगीचं पत्र बघायला मागा, आणि कुठल्या फांद्या काढणार तेही विचारा. बुंध्याला सिमेंट भिडलंय का, हेही बघा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मुळंच गुदमरली असतील तर वर कितीही छाटा.

आणि फोटो काढायचाच असेल तर खाली पडलेल्या ढिगाचा नको. वरच्या कापाचा काढा, जवळून.