बाहेरचा जिना जुलैसाठी काढा

लोक बंगल्याचा नकाशा घेऊन येतात तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा इंचाइंचाने ठरलेला असतो. देवघराची दिशा ठरलेली असते, दोन गाड्यांची जागाही पक्की असते. बाहेरच्या जिन्याचा मात्र पत्ता नसतो. गच्चीवर चढणारा असो, डेकवरून बागेत उतरणारा असो की जोत्यावरून अंगणात येणारा असो, त्याला उरलेली जागा मिळते आणि तो ‘फॅब्रिकेटर बघून घेईल’ या भरवशावर सोडला जातो. पनवेलमध्ये आणि नेरे-वाजे पट्ट्यातल्या फार्महाउसांवर मी बांधकामाची देखरेख करते. माझं म्हणणं एवढंच आहे की, आपल्या भागात बाहेरचा जिना नकाशावर आधी काढावा, आणि काढताना जुलै महिना डोळ्यांपुढे ठेवावा.

पनवेलकरांना पाऊस काय सांगायचा! जूनच्या मध्यापासून पायरी वाळायला सवडच मिळत नाही. चार दिवसांत हिरवट थर धरतो आणि गणपती येईपर्यंत त्याचं रीतसर शेवाळ होतं. गणपतीचीच गोष्ट घ्या. मूर्ती पाटावर घेऊन उतरणाऱ्याला स्वतःची पावलं दिसत नाहीत. कठडा धरायला हात मोकळा नसतो, मागून घरचे ‘सांभाळ रे, सांभाळ’ म्हणत असतात. एकाएकी सर आली की गच्चीवरचे कपडे कवेत घेऊन खाली धावणाऱ्या बाईचीही तीच गत. जिन्याची परीक्षा घ्यायची तर या दोघांना समोर ठेवून घ्यावी. कलावंतीण दुर्गाच्या कोरीव पायऱ्यांना कठडा नाही, पण तिथे प्रत्येक जण जपून पाऊल टाकतो. घरच्या पायरीवर कोण जपतं?

न बघता उतरायचं तर सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि पुढे त्याच मापाने पडत राहतो. घोळ बहुधा शेवटच्या पायरीला होतो. जिना आधी होतो, अंगणात पेव्हर ब्लॉक मागून बसतात, जमीन दोन-अडीच इंच वर येते आणि खालची पायरी तेवढी बुटकी होते. म्हणून अंगणाची अंतिम पातळी ठरल्याशिवाय जिन्याचं सेंट्रिंग लावू देऊ नये. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या जिन्याला जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंची आणि कमीत कमी २५ सेंटिमीटर पाऊलजागा सांगते. ही टोकाची मापं आहेत, पण आपल्याकडे तीच आदर्श समजून वापरतात. भिजणाऱ्या जिन्याला मी १५ सेंटिमीटर उंची आणि ३० ते ३२ सेंटिमीटर पाऊलजागा धरते. जिना लांबतो, मान्य. त्यासाठी दुसऱ्या गाडीची जागा थोडी आखडली तर आखडू द्या.

मापानंतर पाण्याचा बंदोबस्त. गच्चीचं किंवा डेकचं पाणी जिन्यावरून वाहू देणं म्हणजे पायऱ्यांचा धबधबा करणं. पहिल्या पायरीच्या आधीच आडवी पन्हळ काढून, वर जाळी बसवून ते बाजूला न्यावं. प्रत्येक पायरीला पुढच्या कडेकडे चार-पाच मिलिमीटर ढाळ द्यावा. डोळ्याला तो कळत नाही, पाण्याला कळतो. गवंडी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणतो, तेव्हा लेव्हलची नळी त्याच्याच हातात द्यावी.

जिन्यावर पत्रा टाकताना तर हटकून चूक होते. पत्रा अर्ध्या जिन्यापर्यंतच येतो आणि त्याची पागोळी नेमकी मधल्या एका पायरीवर पडत राहते. सगळ्यात जास्त शेवाळ त्याच पायरीवर. शिवाय पाऊस वाढला की माणसं पत्र्याच्या कडेशी, म्हणजे पायरीवरच, थबकतात. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर वीसहून अधिक जीव गेले, त्या सकाळीही पाऊस होता आणि आडोशाला थांबलेल्यांमुळे अरुंद जिना तुंबला होता. घराची आणि स्थानकाची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण छप्पर शेवटच्या पायरीच्या पुढे दोन हात यायला हवं, एवढं तरी त्यातून घेता येतं.

लादीबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, पॉलिश केलेला कडप्पा किंवा कोटा बाहेरच्या पायरीवर नको म्हणजे नकोच. ग्रॅनाइट हवा असेल तर फ्लेम फिनिशचा घ्या. कडेजवळ खाचा पाडून घ्या आणि त्यांची तोंडं बाजूला मोकळी ठेवा, नाहीतर पाणी त्यांतच साचतं. जुन्या पनवेलमधल्या वाड्यांना काळ्या दगडाच्या, टाकीच्या घावांच्या पायऱ्या असत आणि पाय त्यांवर पकड घेई. वर्षानुवर्षांच्या वापराने दगड मधोमध गुळगुळीत झाला, तर पाट्याला लावतात तशी त्यालाही पुन्हा टाकी लावता येते. हिरवं प्लॅस्टिक गवत अंथरणाऱ्यांना हात जोडून सांगते, त्याच्याखाली पाणी राहतं आणि बुळबुळीत थर झाकला जातो. दिसणारं शेवाळ परवडलं.

लोखंडी जिन्याला चेकर्ड प्लेट आणि वर ऑइलपेंट हे ठरून गेलेलं आहे. ओल्या स्लीपरखाली ती प्लेट पकड देत नाही. गॅल्व्हनाइज्ड ग्रेटिंग महाग पडतं, पण पाणी आणि पानं खाली जातात. जिन्याचे पाय मातीत पुरू नका, काँक्रीटच्या उंच ठोकळ्यावर घ्या. पावसाच्या जोडीला इथे खाडीची हवाही आहे, गंज जमिनीलगतच आधी धरतो. कठडा मुठीत मावेल एवढ्या जाडीचा, साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर हवा आणि तो शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर न्यावा. तुटक कठडा शोभेचा.

शेवटचं बिल मंजूर करण्याआधी मी वरच्या पायरीवर बादलीभर पाणी ओतते आणि जिन्याच्या तळाशी उभी राहते. ज्या पायरीवर पाणी थांबतं तिची लादी निघते. मग ती कितीही महागाची असो, आणि वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झालेल्या असल्या तरीही.