भाषेच्या बाईंचं करिअर

आयटीत एखाद्याला 'मेंटॉर' केलं की सगळ्या टीमला मेल जातो, अप्रेजलमध्ये एक ओळ वाढते आणि गडी लगेच लिंक्डइनवर तसं टाकूनही मोकळा होतो. शाळेतल्या भाषेच्या बाई हेच काम रोज करतात. त्यांच्याबद्दल आपलं मत काय? "इंटरनॅशनल स्कूल ना, मग मजा आहे राव. एसी वर्ग, मोजकी पोरं, भरपूर सुट्ट्या!"

माझी मामेबहीण पुण्यात अशाच एका शाळेत अकरावी-बारावीच्या, म्हणजे आयबी डिप्लोमाच्या मुलांना हिंदी शिकवते. तिचं काम जवळून बघून माझं एक मत पक्कं झालंय. भाषा शिकवणं आणि मुलांना सांभाळून घेणं ही दोन वेगळी कामं नाहीतच. दुसरं काढून घेतलं तर पहिलंही धड होत नाही.

कसं ते सांगतो. आयबी ही १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेली संस्था. तिच्या डिप्लोमात 'लँग्वेज बी' म्हणून जी भाषा घेतात, तिचे २५ टक्के गुण तोंडी परीक्षेला असतात. वेळ १२ ते १५ मिनिटं. स्टँडर्ड लेव्हलच्या मुलाला एक चित्र देतात, तयारीला १५ मिनिटं देतात, मग त्याने बोलायचं आणि बाईंनी प्रश्न विचारायचे. गुणही बाईच देतात, आणि ते बरोबर दिलेत का हे रेकॉर्डिंगवरून आयबी तपासते. अभ्यासक्रमातल्या पाच सूत्रांपैकी एक आहे 'ओळख'. आता ज्या पोराच्या बाबांची दर तीन वर्षांनी बदली होते, ज्याला स्वतःचं गाव कुठलं हेच सांगता येत नाही, ते पोर नुसतं व्याकरण घोकून यावर बोलेल? त्याला आधी समोरच्या माणसाचा भरवसा वाटायला हवा. तो कमवायला दोन वर्षं लागतात.

शिवाय ४००० शब्दांचा एक्स्टेंडेड एसे असतो. त्यासाठी मार्गदर्शकाने प्रत्येक विद्यार्थ्याला ३ ते ५ तास द्यावेत असं आयबी सांगते, आणि शेवटची मुलाखतही त्यातच धरलेली. एस्टिमेट आणि प्रत्यक्ष तास यांचं नातं तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

"अहो, पण शाळेत काउन्सेलर असतो की!" असतो, आणि असायलाच हवा. गंभीर गोष्ट असेल तर बाईंनी स्वतः डॉक्टर न होता मुलाला तिकडेच पाठवलं पाहिजे. पण मूल काउन्सेलरकडे जातं ते काहीतरी बिनसलंय हे कुणाच्या तरी लक्षात आल्यावर. भाषेच्या बाईंना ते आधीच, मंगळवारच्या निबंधात दिसतं. 'माझी सुट्टी' या विषयावर एखाद्याने घरातल्या कुणाचाच उल्लेख केला नाही, तर लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून वही परत देणं हे शिकवणं नव्हे.

आता मराठीकडे या. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. न शिकवल्यास एक लाखापर्यंत दंड. पुढे २०२३ साली इतर मंडळांच्या शाळांना मराठीसाठी गुणांऐवजी श्रेणी देण्याची सवलत मिळाली, आणि ती एकूण निकालात धरायची नाही असंही ठरलं. कोविडमुळे मुलांची अडचण झाली होती हे मान्य. पण यातून शाळा काय शिकतात? कायद्याने तास मिळतो, बाईंना किंमत मिळत नाही. तासावर नेमलेली, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत धावणारी शिक्षिका मुलांची नावं पाठ करेल की त्यांचं मन ओळखेल? असो.

आपल्यापैकी बरेच जण येत्या काही वर्षांत लाखांत फी भरणार आहेत. शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल बघाच, पण तीन प्रश्नही विचारा. मराठीच्या बाई पूर्णवेळ आहेत का? त्या किती वर्षं इथे आहेत? मुलांशी बोलायला त्यांच्या टाइमटेबलमध्ये जागा आहे का, की ते सगळं मधल्या सुट्टीत?

उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पूल कितीही निळा असो, नीट विचार करा.