साठा फिरता हवा



सामायिक झाल्यावर स्वयंपाकघरात किशोरीताई आमोणकर लावायच्या, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. परवा सूनबाईने विचारलं, "आई, आत्ता संपलं ते कोणतं?" मला सांगता येईना. गाणं चालू होतं, मी ऐकतच नव्हते! मन नसलेल्या जपासारखंच की ते.

मोबाइलही तेच तेच पुढे करतो. म्हणून मी गुरूंकडून शिष्येकडे गेले. किशोरीताईंकडे शिकलेल्या आरती अंकलीकर-टिकेकर लावल्या. वळण ओळखीचं, पण पुढे काय येणार ते ठाऊक नाही. तव्यावरची पोळी करपली! नंतर किशोरीताईही नव्याने ऐकू आल्या.

कॉमर्सवाली मी, म्हणून सांगते: साठा फिरता हवा. तुम्हीही आवडत्या गायकाचे गुरू, शिष्य शोधा. आठवड्याला एक पुरे.